मास्क खाली आला, बारा मिनिटं संपली, मग पुढे?

खिडकीची_सीट
विमान धावपट्टीकडे निघालं की ती कवायत होतेच. मास्क ओढा, नाकातोंडावर लावा, आधी स्वतःला मग पोराला. परवा वाचनात आलं की बहुतेक विमानांत प्रवाशांच्या मास्कला साधारण १२ ते १५ मिनिटंच पुरेल इतका ऑक्सिजन असतो. मुंबई-दिल्ली दोन तास, मुंबई-लंडन नऊ-दहा तास. मग बारा मिनिटांनी काय, आळीपाळीने श्वास घ्यायचा?
इथे वैमानिक, मेंटेनन्सवाले, केबिन क्रू सगळे आहेत म्हणून विचारतो. "काळजी नसावी, विमानप्रवास सुरक्षित असतो" छापाची उत्तरं नकोत. आकडे द्या.

कोरा_चहा
मी पयला! शेंगदाणे घेऊन बसलोय, येऊ द्या.

फ्लॅप_पाच
गणित जुळतं, कारण मास्क पडल्यावर विमान वर राहतच नाही. मिनिटाला ५ ते ७ हजार फूट या वेगाने ते खाली आणतात. ३५,००० वरून १०,००० फुटांवर यायला चार-पाच मिनिटं लागतात आणि तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. बाकीची मिनिटं म्हणजे उशीर-गोंधळाची राखीव.

बोइंग ७३७ चा क्रम सांगतो. हा पाठ असावा लागतो, पुस्तक उघडायला वेळ नसतो. केबिन १०,००० फुटांवर गेली, म्हणजे आतली हवा त्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली, की भोंगा वाजतो. पहिलं काम मास्क, रेग्युलेटर १०० टक्क्यांवर. दुसरं, दोघांचं एकमेकांशी बोलणं सुरू झालं का ते बघणं. मग प्रेशरायझेशन (केबिनमधल्या हवेचा दाब सांभाळणारी यंत्रणा) मॅन्युअलवर टाकून आऊटफ्लो व्हॉल्व्ह (आतली हवा बाहेर सोडणारी झडप) पूर्ण बंद होईपर्यंत स्विच दाबून धरायचा. कधीकधी बिघाड फक्त कंट्रोलरचा असतो आणि एवढ्यानेच केबिन ताब्यात येते. नाहीच आली तर प्रवाशांच्या ऑक्सिजनचा स्विच ऑन आणि इमर्जन्सी डिसेंट, म्हणजे तातडीची उतरण: थ्रस्ट लिव्हर आयडल (इंजिनाचा जोर किमान), स्पीडब्रेक बाहेर, वेग कमाल मर्यादेपर्यंत, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण) मेडे ही संकटाची हाक, ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा कोड.
एक अपवाद लक्षात ठेवायचा. सांगाड्याला इजा झाल्याची शंका असेल तर वेग वाढवायचा नाही. भोक पडलेल्या विमानाला कमाल वेगाने खाली नेलं तर भोक मोठं होऊ शकतं.

सरळमार्गी
एक बाळबोध शंका. आधी नाक खाली करावं आणि मग निवांत मास्क लावावा, असं का नाही? विमान उतरायला तर लागेल.

फ्लॅप_पाच
@सरळमार्गी, शंका बाळबोध नाही, पण उत्तर "नाही" असंच आहे. ३५,००० फुटांवर माणूस कामाचा राहतो तो अर्धा ते एक मिनिट. ४०,००० वर १५ ते २० सेकंद. २५,००० वर तीन ते पाच मिनिटं. हे आकडेही हवा हळूहळू गेली तरचे. एका झटक्यात गेली तर साधारण निम्मे धरा.
आता हिशोब करा. मास्क न लावता डिसेंट सुरू केला तर पहिल्या मिनिटात फार तर सहा हजार फूट खाली याल, म्हणजे २९,००० वर. तोवर तुमचा मेंदू रजेवर गेलेला. विमान उतरत राहील, पण १०,००० ला थांबवणारा कोणी नाही.
म्हणून कॉकपिटमधला मास्क एका हाताने पाच सेकंदांत लागेल असा केलेला असतो. बाजूच्या पेटीतून लाल कान चिमटीत दाबून बाहेर खेचायचा. दाबलं की डोक्याचे रबरी पट्टे हवेने फुगून मोठे होतात, टोपीसारखे डोक्यावर सरकवायचे, चिमूट सोडली की पट्टे आवळून बसतात. माइक मास्कच्या आतच. म्हणूनच "बोलणं सुरू झालं का" ही दुसरी पायरी आहे; स्पीकर बंद राहिला तर शेजारच्याचा फक्त श्वास ऐकू येतो.

स्पॅनर_आणि_पक्कड
जोड देतो. खाली पोचल्यावर मास्क काढला, पेटीत कोंबला आणि पेटीचं डावं दार लावून रिसेट दाबायचं राहिलं, तर माइक मास्ककडेच अडकून राहतो. मग हेडसेटवर बोलणारा बोलत राहतो आणि एटीसीला काहीच जात नाही. छोटी गोष्ट, पण नेमक्या नको त्या वेळी नडते.

आता प्रवाशांच्या मास्कचं पोट उघडून दाखवतो. ७३७ आणि ए-३२० च्या बहुतेक विमानांत डोक्यावरच्या पट्टीत सिलिंडर नसतो, केमिकल जनरेटर असतो. पाणी प्यायच्या बाटलीपेक्षा लहान स्टीलचा डबा. आत सोडियम क्लोरेटची कांडी, थोडी लोखंडाची भुकटी आणि क्लोरीन शोषणारं रसायन. मास्क आपल्याकडे ओढला की दोरीने पिन निघते, हातोडी ठिणगीच्या टोपीवर आपटते आणि कांडी पेटते. ती जळताना ऑक्सिजन सुटतो. एकदा पेटली की बंद करता येत नाही.
यातून तीन गोष्टी निघतात, ज्या प्रात्यक्षिकात नीट कळत नाहीत.
नुसता लोंबणारा मास्क तोंडाला टेकवून उपयोग नाही, ओढायलाच हवा. मात्र एका डब्यावरचा कोणताही एक मास्क ओढला की त्या डब्यावरचे सगळे सुरू होतात.
पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो.
डब्याचं बाहेरचं कवच २३० ते २६० अंश सेल्सियसपर्यंत तापतं, त्यावरची धूळ जळते आणि करपल्यासारखा वास येतो. आग लागली असं ओरडत मास्क काढायचा नाही.
प्रवाहही एकसारखा नसतो. कांडीची घडण अशी की सुरुवातीला, म्हणजे विमान उंच असताना, जास्त आणि पुढे कमी. बारा मिनिटांचा हिशोब उतरणीच्या आलेखावर बेतलेला आहे.

कोरा_चहा
म्हणजे डोक्यावर फटाक्यांची माळ घेऊन बसतो की आपण.

स्पॅनर_आणि_पक्कड
विनोद म्हणून ठीक, पण हेच डबे मालसामानात गेले की खरंच तसं होतं. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेटचं ५९२ मायामीहून उडालं, पोटात मुदत संपलेले जनरेटर खोक्यांत भरलेले. सुरक्षेच्या टोप्या न लावता पाठवले होते. ते पेटले, आगीला ऑक्सिजनही त्यांनीच पुरवला आणि विमान दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. जागच्या जागी डबा सुरक्षित असतो, कारण भोवती उष्णतारोधक कवच आणि मोकळी जागा असते.

घाटमाथा
मला एक कळत नाही. खारदुंग ला १७,५८२ फुटांवर आहे. तिथे पब्लिक बाइक लावून मॅगी खातं, सेल्फी काढतं. आणि इथे १४,००० ला मास्क पडतात म्हणून केवढा आरडाओरडा. जरा जास्तच बाऊ नाही का?

जंपसीट_ताई
@घाटमाथा, १४,००० हा केबिनचा आकडा आहे, विमानाचा नव्हे. केबिन १४,००० ला पोचली म्हणजे ती तिथेच थांबेल याची हमी नाही. बाहेर ३५,००० ची हवा आहे आणि आतली तिकडेच निघालीय. शिवाय खारदुंग ला वर जाणारा लेहला दोन दिवस झोपून जातो. विमानातले आजोबा पाच मिनिटांपूर्वी सात-आठ हजारांवर उपमा खात होते. निरोगी माणूस १४,००० ला तासभर बसू शकेल हे मान्य. हृदयविकाराचा, दम्याचा, गरोदर बाई, तान्हं मूल, सगळी तिथेच असतात.

आता केबिनमधलं. प्रशिक्षणात पहिलं वाक्य असतं: जिथे आहात तिथे, जवळचा मास्क, लगेच. ट्रॉली सोडायची नाही, ब्रेक लावायचा. रिकामी सीट नसेल तर सीटच्या हातांना धरून खाली बसायचं. प्रवाशांना मदत करत फिरणारी क्रू अर्ध्या मिनिटात स्वतःच आडवी होते. विमान सपाट झालं, कॉकपिटमधून घोषणा झाली, की मग पोर्टेबल बाटली घेऊन फेरी. आधी शौचालयं बघायची. तिथेही मास्क पडतात, पण आतल्या माणसाला कळलंच असेल असं नाही.
प्रवाशांची नेहमीची चूक म्हणजे मास्क फक्त तोंडावर लावणं आणि नाक उघडं. १७ एप्रिल २०१८ च्या साऊथवेस्ट १३८० या उड्डाणातले फोटो आठवा, त्यात कितीतरी जण असेच दिसतात. दुसरी चूक, बॅग काढायला उठणं. आणि हवा झटक्यात गेली तर श्वास रोखून धरायचा नाही. छातीतली हवा फुगणार आहे, तिला बाहेर जाऊ द्या.
त्या क्षणी केबिनमध्ये धुकं भरतं, तेही धूर नसतं. हवा एकदम पातळ आणि थंड झाली की तिच्यातली वाफ दिसू लागते, काही सेकंदांत विरते.

मिसळीचा_कट
हवा फुगणार म्हणता, तर पोटातली पण फुगणार का? विमानाआधी मिसळ खाणाऱ्यांसाठी विचारतोय.

स्पॅनर_आणि_पक्कड
@मिसळीचा_कट, हसण्यावारी नेऊ नका. समुद्रसपाटीला दाब १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ८,००० फुटांच्या केबिनमध्ये १०.९. म्हणजे नेहमीच्या उड्डाणातही पोटातला वायू आणि चिवड्याचं पाकीट सव्वा ते दीडपटीच्या मध्ये फुगतं. ३५,००० वर बाहेर ३.५. केबिन पूर्ण रिकामी झाली तर पोटातलं आणखी तिप्पट. कट बेताने.

मिसळीचा_कट
शेजारच्याने मास्क आधीच का लावला ते आता कळलं.

खिडकीची_सीट
:)) धागा रुळावर आणतो. मोठा आवाज, धुकं, थंडी, मास्क पडले, हे कळतं तरी. पण हवा हळूहळू गेली तर? आवाज नाही, काही नाही. ते कोणाला कळणार?

फ्लॅप_पाच
योग्य जागी बोट ठेवलंत. मला विचाराल तर धडाम आवाजापेक्षा हाच प्रकार घातक. ऑक्सिजन कमी पडला की सगळ्यात आधी जाते ती "काहीतरी चुकतंय" हे ओळखणारी बुद्धी. माणूस उलट खूश असतो. बोटांची नखं निळसर, साधी बेरीज चुकते, एकच स्विच पुन्हा पुन्हा बघतो, आणि विचारलं तर म्हणतो मी एकदम ठीक.

१४ ऑगस्ट २००५, हेलिओस ५२२, लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला. आदल्या रात्री गळती तपासली होती, त्यासाठी प्रेशरायझेशनचा सिलेक्टर मॅन्युअलवर ठेवला होता आणि तो तसाच राहिला. उड्डाणापूर्वी, इंजिन सुरू करण्याआधीच्या चेकलिस्टला आणि उड्डाणानंतर, तिन्ही वेळा सुटला. मॅन्युअलचा हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा दिवा बघून कोण घाबरतो?
१२,०४० फुटांवर भोंगा वाजला. त्या ७३७ मध्ये केबिनच्या उंचीचा आणि "टेकऑफची मांडणी चुकली" याचा भोंगा एकच. टेकऑफचा इशारा फक्त जमिनीवर वाजतो, हे हवेत असताना सुचायला हवं होतं, पण सुचण्याचं यंत्रच बंद पडत चाललेलं. विमान ऑटोपायलटवर ३४,००० ला गेलं, अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिलं. बघायला पाठवलेल्या एफ-१६ लढाऊ विमानांच्या वैमानिकांना उजव्या सीटवरचा माणूस पुढे कोसळलेला दिसला, डावी सीट रिकामी. शेवटी पोर्टेबल ऑक्सिजनच्या आधारावर शुद्धीत राहिलेला एक केबिन क्रू कॉकपिटमध्ये शिरला, तोवर इंधन संपत आलेलं. १२१ पैकी कोणी वाचलं नाही. त्यानंतर ७३७ वर दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे बसवले गेले.

सरळमार्गी
मास्क पडलेले असताना कॉकपिटला कळलं कसं नाही? आणि आपल्याकडे असं काही?

स्पॅनर_आणि_पक्कड
मास्क मागे पडतात, कॉकपिटमध्ये फक्त एक दिवा लागतो. तो इतर दिव्यांत हरवू शकतो.
आपल्याकडचं उदाहरण २० सप्टेंबर २०१८, मुंबई-जयपूर, ७३७. इंजिनातून येणारी दाबाची हवा, म्हणजे ब्लीड, सुरू करायची राहिली. केबिनला हवाच मिळेना. मास्क पडले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. लक्षात घ्या, तिथे फुटलं-तुटलं काहीच नव्हतं.
लोकांना वाटतं विमान म्हणजे हवाबंद डबा. तसं नाही. ते सतत गळतं, मुद्दाम. इंजिनातून हवा आत, पॅकमध्ये (वातानुकूलन यंत्रात) थंड होते, केबिनभर फिरते आणि मागच्या बाजूच्या आऊटफ्लो व्हॉल्व्हमधून बाहेर. दाब म्हणजे आत येणं आणि बाहेर जाणं यांतला तोल. नळ बंद राहिला (मुंबई-जयपूर) किंवा मोरी उघडी राहिली (हेलिओस), बादली रिकामीच.

घाटमाथा
मोरीची उपमा जमली. बाऊचा मुद्दा मागे घेतो.
पण मग दुसरा. कोणी माथेफिरूने ३५,००० वर दार उघडलं तर?

स्पॅनर_आणि_पक्कड
उघडणार नाही. आतला-बाहेरचा फरक चौरस इंचाला साडेसात पौंड. ७२ बाय ३४ इंचांचं दार धरा, आठ टनांहून जास्त भार. दार आधी आत घेऊन मग बाहेर काढायचं असतं, तो भार त्याला चौकटीतच दाबून ठेवतो. २६ मे २०२३ ला कोरियात एसियानाच्या ए-३२१ चं दार प्रवाशाने उघडलं ते जमिनीपासून साधारण ७०० फुटांवर. तिथे फरक जवळपास शून्य.
अलास्का एअरलाइन्सचं १२८२, ५ जानेवारी २०२४, हा वेगळा प्रकार. ते दार नव्हतं, दाराच्या जागी बसवलेला प्लग होता आणि त्याला जागेवर धरणारे चार बोल्ट लावलेलेच नव्हते. सोळाएक हजार फुटांवर गेला म्हणून निभावलं, लोक बेल्टमध्ये होते आणि केबिन-बाहेरचा फरकही कमी. म्हणून बेल्टचा दिवा विझला तरी पट्टा सैल का होईना, बांधलेला ठेवा.

पाल_सर्दी
कानाचं कोणी बोललंच नाही. एवढ्या वेगाने खाली आलं की कान फुटतील की.

जंपसीट_ताई
दुखतात, सर्दी असेल तर जास्तच. नेहमीच्या उतरणीत केबिन मिनिटाला तीनेकशे फुटांनी उतरते, इथे हजारांनी. गिळत राहा, जबडा हलवत राहा, तान्ह्याला पाजा किंवा रडू द्या, रडणं कानाला चांगलंच. पण मास्क काढून नाक दाबत बसू नका, १०,००० ला पोचल्यावर तेही करा.
अवांतर: तारकर्लीला स्कूबा करून त्याच संध्याकाळी गोव्याहून विमान पकडणाऱ्यांनो, रक्तातला नायट्रोजन सात-आठ हजारांच्या केबिनमध्येही बुडबुडे धरू शकतो. एका साध्या डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह केल्या तर किमान १८.

खिडकीची_सीट
मूळ प्रश्नाचा शेपटाचा भाग राहिला. "१०,००० वर उतरतात" ठीक. खाली डोंगर असेल तर? हिमालयावर बारा मिनिटांत कुठे उतरायचं?

फ्लॅप_पाच
"१०,००० किंवा त्या भागातली सुरक्षित उंची, जी जास्त असेल ती" असा खरा नियम आहे. डोंगराळ भागात शिखरावर २,००० फूट मोकळे ठेवायचे. महाराष्ट्रावर प्रश्न नाही, कळसूबाई ५,४०० फूट, कुठेही १०,००० ला या. केरळात अनैमुडी ८,८४२ फूट, तिथे अधिक २,००० म्हणजे १०,८४२, लगेच १०,००० ओलांडलं.
तिबेटच्या पठारावर तर हा हिशोब पारच कोलमडतो. म्हणून त्या मार्गांवर जाणाऱ्या विमानांत जास्त वेळ पुरणारा ऑक्सिजन लागतो, बहुधा सिलिंडरचा. आणि मार्गावर ठरावीक टप्प्यांना पळवाटा आखलेल्या असतात: या बिंदूआधी हवा गेली तर डावीकडे वळून अमुक दरीने, नंतर गेली तर पुढे. प्रत्येक वाटेवर किती मिनिटं कोणत्या उंचीवर राहावं लागेल ते मोजून ऑक्सिजन भरतात.
१४ मे २०१८ ला चोंगछिंगहून ल्हासाला निघालेल्या सिचुआन ८६३३ ची काच ३२,००० फुटांवर उडाली, सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला, पॅनल उखडलं, गोठवणारा वारा. आणि डोंगरांमुळे सरळ १०,००० ला जायची सोय नाही. टप्प्याटप्प्याने उतरत छंगतूला आणलं.

स्पॅनर_आणि_पक्कड
लेहची गंमत सांगायची राहिली. विमानतळच १०,६८२ फुटांवर. म्हणजे उतरताना विमान खाली येतं आणि केबिन मात्र सात-आठ हजारांवरून वर चढत जाते. १०,००० ला वाजणारा भोंगा तसाच ठेवला तर प्रत्येक लँडिंगला वाजेल. म्हणून तिथे जाणाऱ्या विमानांत इशाऱ्याची मर्यादा वर सरकवायची सोय असते.

फ्लॅप_पाच
आणि समुद्र. मुंबई-मॉरिशससारख्या मार्गावर डोंगर नाही, पण १०,००० फुटांवर इंजिन मैलामागे खूपच जास्त इंधन पितं. म्हणून निघतानाच सगळ्यात वाईट बिंदू धरतात: तिथे हवा गेली, वर एक इंजिनही गेलं, तरी १०,००० वरून जवळच्या विमानतळावर पोचेल इतकं इंधन टाकीत हवं. @खिडकीची_सीट, तुमची बारा मिनिटं संपल्यानंतरचे तास या इंधनातून निघतात.

खिडकीची_सीट
आता जुळलं. शेवटचं विचारतो, मांडीवरच्या बाळाचा मास्क कुठून येतो? सीट तर त्याला नसते.

जंपसीट_ताई
तीन सीटच्या रांगेवर चार मास्क असतात. काही विमानांत एका बाजूलाच, म्हणून बाळ असेल तर काउंटरवर सीट हलवतात. आणि एका तिकडीत दोन बाळं देत नाहीत ती याचसाठी. जुळ्यांचे आईबाप त्यावरून फार भांडतात, त्यांना हा धागा पाठवा.

कोरा_चहा
शेंगदाणे संपले.